दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप : दोन वर्षांत काय मिळते, काय मिळत नाही

दृष्टिपटलाच्या, म्हणजे रुग्णांच्या शब्दांत 'मागच्या पडद्याच्या', शस्त्रक्रियेची दोन वर्षांची फेलोशिप, म्हणजे एम. एस. नंतरचे विशेष प्रशिक्षण, पुरी करून मी साताऱ्याला परतले. तेव्हापासून नेत्रशास्त्रातले एम. एस. संपवत आलेले विद्यार्थी फोन करतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "मॅडम, हाताला केसेस किती मिळाल्या?" प्रश्न रास्त आहे आणि मी आकडाही सांगते. मात्र तो सांगून फोन ठेवला, की समोरच्याला चुकीच्या मापाने मोजायला शिकवले अशी रुखरुख लागते. त्या दोन वर्षांत मी केलेल्या शस्त्रक्रियांपैकी कोणत्या वेळी शेजारी शिक्षक बसलेले होते, आणि ज्यांच्यावर त्या केल्या त्या रुग्णांपैकी किती जण सहा महिन्यांनी माझ्याच समोर पुन्हा तपासायला आले, या दोन गोष्टींवर माझे आजचे काम उभे आहे. हे परीक्षण प्रामुख्याने त्यांविषयीच आहे.

माझी संस्था तामिळनाडूतील एका मध्यम आकाराच्या शहरातले जुने धर्मादाय नेत्ररुग्णालय होती. तिचे नाव मी घेणार नाही, कारण पुढे मी तिचे काही दोषही सांगणार आहे आणि ज्यांनी मला पाहायला शिकवले ते शिक्षक आजही तिथे आहेत.

या शाखेच्या प्रशिक्षणाची भारतात मोठी परंपरा आहे. दिल्लीच्या एम्समधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र 1967 साली सुरू झाले, डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी 1976 साली मदुराईत 11 खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय उभे केले, डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी 1978 साली चेन्नईत शंकर नेत्रालय स्थापन केले आणि डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या पुढाकाराने 1987 साली हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आकाराला आली. माझी संस्था यांपैकी नव्हती, परंतु तिथल्या बहुतेक शिक्षकांची पाळेमुळे यांतल्याच कुठल्या ना कुठल्या घराण्यात होती, आणि 'घराणे' हा शब्द मी इथे संगीतातल्या अर्थानेच वापरते, कारण हत्यार धरण्याची ढब सुद्धा गुरूकडून शिष्याकडे जशीच्या तशी येते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाची एफ.एन.बी. ही फेलोशिप प्रवेश परीक्षेतून मिळते. त्याखेरीज अनेक मोठ्या संस्था आपापली निवड घेऊन स्वतःची फेलोशिप देतात. माझी फेलोशिप या दुसऱ्या प्रकारातली होती.

मोतीबिंदूच्या फेलोशिपपेक्षा ही लांब असते, याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. त्या एकामागून एक शिकता येतात आणि बहुतेक डोळे सारखेच वागतात. पडदा सुटलेले दोन डोळे मात्र एकसारखे कधीच नसतात. छिद्र कुठे आहे, किती आहेत, मधला बिंदू म्हणजे मॅक्युला अजून चिकटलेला आहे की सुटला, डोळ्याच्या पोकळीत भरलेले जेल पडद्याला किती ओढते आहे, पडद्यावर जखमेच्या खपलीसारख्या पापुद्र्याची सुरुवात झाली आहे का, यावर बाहेरून बकल, म्हणजे डोळ्याच्या भिंतीवर पट्टी, बसवायचे की आत शिरून व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ते जेल कापून काढण्याची शस्त्रक्रिया, करायची, आणि पडदा जागेवर टेकवून धरायला आत वायू ठेवायचा की सिलिकॉन तेल, हे ठरते. हात सहा महिन्यांत तयार होऊ शकतो, पण हे ठरवणे सहा महिन्यांत येत नाही.

पहिले चार महिने मला शस्त्रक्रियेच्या हत्याराला हात लावू दिला गेला नाही, आणि आज मागे पाहताना तेच चार महिने या फेलोशिपचा सर्वांत मौल्यवान भाग होते असे मी ठामपणे म्हणेन. त्या काळात डोक्यावर इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप, हातात 20 डायॉप्टरची काच आणि बोटावर स्क्लेरल डिप्रेसर घेऊन मी अंधाऱ्या खोलीत रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडदे पाहत असे. चार्ल्स शेपेन्स यांनी 1940 च्या दशकात दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचे हे उपकरण विकसित केले. त्यात दिसणारी प्रतिमा उलटी असते. वरचे खाली आणि उजवीकडचे डावीकडे दिसते. एम. एस. करताना आपण हे उपकरण वापरतो खरे, पण मधला भाग पाहून समाधान मानतो. छिद्रे बहुधा कडेला असतात, जिथे बाहेरून डिप्रेसरने डोळ्याची भिंत अलगद आत दाबल्याशिवाय नजर पोहोचत नाही, आणि जास्त दाबले तर रुग्ण कळवळतो, कमी दाबले तर काहीच दिसत नाही. हा दाब किती, ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही आणि लिहिता येण्यासारखेही नाही.

पाहिलेले प्रत्येक दृष्टिपटल रंगीत पेन्सिलींनी काढायचे, असा आमच्या विभागाचा दंडक होता. कागदावर एकात एक तीन वर्तुळे असतात, त्यांच्या कडेने घड्याळाचे बारा तास, आणि रंगांची भाषा ठरलेली असते. चिकटलेला पडदा लाल, सुटलेला निळा, छिद्र निळ्या कडेचे आणि आत लाल, जेलमधला रक्तस्राव हिरवा, पिवळट साका पिवळा. रुग्णाला उताणे झोपवून आपण डोक्याशी उभे राहायचे आणि कागद उलटा धरून रुग्णाच्या छातीवर ठेवायचा, म्हणजे उलटी दिसणारी प्रतिमा दिसते तशीच काढली की कागद सरळ केल्यावर सगळे आपोआप जागच्या जागी येते. पहिल्या आठवड्यात एका चित्राला मला पाऊण तास लागत असे. आमचे वरिष्ठ शिक्षक ते चित्र हातात घेऊन स्वतः रुग्ण पाहत आणि मी न पाहिलेल्या छिद्रावर कागदात एक लहान टिंब मारून तो मला परत देत. ते एक अक्षरही बोलत नसत. मी पुन्हा रुग्णाकडे जाई आणि ते टिंब डोळ्यात शोधून काढी. आता डोळ्याच्या कडेपर्यंतचे रुंद छायाचित्र क्षणात काढणारे कॅमेरे आले आहेत आणि काही ठिकाणी चित्र काढण्याची पद्धत बंद झाली आहे. माझ्या मते, ज्या फेलोशिपमध्ये पहिल्या वर्षी चित्रे काढून घेतली जात नाहीत, तिथे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. कॅमेऱ्यात छिद्र टिपले गेले नाही तर ते शोधण्याची सवय हाताला आणि नजरेला असावी लागते, आणि ती सवय काढलेल्या चित्रांतूनच लागते.

भाषेचा प्रश्न इथे पहिल्याच दिवशी येतो. डोळ्याच्या आठही दिशा पाहायच्या तर रुग्णाने त्या त्या दिशेला बघायला हवे. त्यामुळे 'मेले पारुंग', 'कीळे पारुंग', म्हणजे वर बघा, खाली बघा, हे माझे पहिले तमिळ शब्द. तेवढ्यावर तपासणी भागते, पण निर्णय समजावणे भागत नाही. घरी शेतीचे काम कोण पाहणार, आठ दिवस पालथे झोपून राहणे जमेल का, दुसरा डोळा कधी गेला, हे रुग्णाशी बोलता आले नाही तर आपण फक्त पडदा पाहतो. संस्थेने सहा आठवडे संध्याकाळी तमिळचा वर्ग ठेवला होता. त्याबद्दल मी तिची मनापासून ऋणी आहे आणि परप्रांतात जाणाऱ्याने अशी सोय आहे का हे आधी विचारावे असे सुचवते.

शस्त्रक्रियेची शिडी पाचव्या महिन्यापासून चढू दिली. आधी भूल देण्याचे इंजेक्शन, मग पोर्ट, म्हणजे हत्यारे आत नेण्याच्या बारीक नळ्या, बसवणे आणि काढणे, मग कुणीतरी महिन्यांपूर्वी भरलेले सिलिकॉन तेल काढणे, मग मधला जेल कापणे, मग मधुमेहातील रक्तस्राव, त्यानंतर सुटलेला पडदा, आणि सर्वांत शेवटी मॅक्युलावरचे पापुद्रे सोलणे, असा तो क्रम होता. बाजूला वेट लॅब होती, जिथे खाटकाकडून आणलेल्या शेळीच्या डोळ्यांवर आम्ही रविवारी सराव करत असू. सिम्युलेटर आमच्याकडे नव्हता. ज्या संस्थेत तो आहे तिथे पहिले दोन-तीन महिने हाताचा कंप आणि पायाखालच्या पेडलवरचे नियंत्रण यांची तालीम रुग्णाविना होते, हा फार मोठा लाभ आहे आणि त्याला मी निवडीच्या वेळी बरेच गुण देईन.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी म्हणून दोन मापे सांगते. रॉबर्ट माखेमर यांनी 1970 च्या सुमारास मायामीत डोळ्याच्या बंद पोकळीत शिरून जेल कापण्याची पद्धत सुरू केली, तेव्हाचे हत्यार आजच्या मानाने चांगलेच जाड होते. आज आम्ही 25 गेजच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या, हत्यारांनी काम करतो, आणि ती बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर आत शिरतात. मॅक्युलावरून सोलून काढायचा सर्वांत आतला पापुद्रा अवघा दोन-तीन मायक्रॉन जाडीचा असतो. निळा रंग टाकल्याशिवाय तो दिसतही नाही. तो चिमट्यात पकडताना श्वास कधी घ्यायचा, हेही शिकावे लागते.

आठव्या महिन्यात मला पहिली संपूर्ण व्हिट्रेक्टॉमी मिळाली. रुग्ण पन्नाशीचे गृहस्थ होते, मधुमेहाने डोळ्यात रक्त साचले होते. जेल मागच्या बाजूने सोडवताना माझ्याकडून ओढ जास्त लागली आणि वरच्या बाजूला, अकरा वाजताच्या जागी, पडद्याला छिद्र पडले. सहायकाच्या सूक्ष्मदर्शकातून शिक्षक पाहत होते. मला वाटले, आता ते हत्यार काढून घेतील. ते इतकेच म्हणाले, "हात बाहेर काढू नका. काय दिसते आहे ते मला बोलून सांगा." मी बोलत गेले. छिद्राची कड कुठे आहे, त्यावर जेल अजून ओढते आहे का, पाणी आत शिरले आहे का. बोलता बोलता काय करायचे ते मलाच दिसू लागले. छिद्राभोवतीचे जेल साफ केले, पाणी काढून हवा भरली, लेझरच्या तीन रांगा मारल्या आणि वायू भरून शस्त्रक्रिया संपवली. त्या गृहस्थांचा पडदा आजही जागेवर आहे. दोन वर्षांत मला मिळालेल्या शिक्षणातला सर्वांत मोठा धडा तोच आणि तो मला चूक झालेल्या दिवशी मिळाला, कारण चूक झाली तेव्हा कुणीतरी शेजारी होते.

आता दोषाकडे येते. दुसऱ्या वर्षी शिक्षकांपैकी दोघे संस्था सोडून गेले आणि शस्त्रक्रियांच्या याद्या मात्र तेवढ्याच राहिल्या. एकाच वरिष्ठांच्या नावावर दोन थिएटरमध्ये एकाच वेळी काम चालू लागले. कागदावर प्रत्येक शस्त्रक्रिया देखरेखीखालची होती, प्रत्यक्षात देखरेख करणारे भिंतीपलीकडे होते. अशाच एका सकाळी मोफत विभागातल्या एका आजींच्या सुटलेल्या पडद्यावर मी काम करत असताना डोळ्यात पाणी पुरवणारी नळी किंचित सरकली. पाणी पोकळीत जाण्याऐवजी कोरॉइडच्या, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या, थराखाली शिरू लागले आणि दोन्ही बाजूंनी तपकिरी फुगवटे वर येऊ लागले. मी पाणी बंद केले, निरोप धाडला आणि थांबले. वरिष्ठांना त्यांच्या टेबलावरून उठायला वीस मिनिटे लागली. त्यांनी नळी दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, फुगवटे ओसरू दिले आणि शस्त्रक्रिया पुरी केली. आजींचा पडदा बसला, पण नजर समोरची बोटे मोजण्यापुरतीच राहिली. पडदा आधीच बराच काळ सुटलेला होता, त्यामुळे नजर त्या वीस मिनिटांमुळे गेली असे म्हणता येणार नाही. तसे झाले नाही असेही मला ठामपणे म्हणता येत नाही, आणि ही गोष्ट मी माझ्याजवळ बाळगून आहे.

हा प्रश्न एका संस्थेपुरता नाही. धर्मादाय रुग्णालयांतील प्रशिक्षणाची रचनाच अशी असते, की पैसे भरणाऱ्या रुग्णांवर वरिष्ठ शस्त्रक्रिया करतात आणि मोफत विभागातल्या रुग्णांवर फेलो शिकतात. याच रचनेमुळे लाखो गरिबांना दृष्टी परत मिळाली आहे आणि याच रचनेतून या देशातले कुशल शल्यविशारद तयार झाले आहेत, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. परंतु ती न्याय्य ठरण्याची एकच अट आहे: मोफत विभागातल्या आजींच्या टेबलाशी वरिष्ठांचे लक्ष तेवढेच असले पाहिजे जेवढे पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या टेबलाशी असते. ती अट जिथे पाळली जात नाही, तिथे फेलोला भरपूर केसेस मिळतात आणि त्या आकड्याची जाहिरातही होते. त्या दिवसानंतर मी माझ्या लॉगबुकात एक जादा रकाना आखला, 'शेजारी कोण होते', आणि तो प्रामाणिकपणे भरत गेले. वर्षाअखेर तो वाचताना लक्षात आले, की दुसऱ्या वर्षीच्या माझ्या केसेस पहिल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक होत्या, आणि मी नवे असे फारच थोडे शिकले होते. वेग मात्र वाढला होता.

दुसरा दोष रुग्णांच्या पुनर्तपासणीचा. आम्ही दर तीन महिन्यांनी युनिट बदलत असू, त्यामुळे मी ज्याच्या डोळ्यात तेल भरले त्याचे तेल चार महिन्यांनी दुसराच फेलो काढी, आणि पडदा पुन्हा सुटला असेल तर मला ते कळतही नसे. मोतीबिंदूत दुसऱ्या दिवशी निकाल कळतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेत पहिल्या दिवशी सगळेच चांगले दिसते आणि अपयश दीड-दोन महिन्यांनी येते, जेव्हा पापुद्रे पुन्हा धरून पडद्याला गोळा करू लागतात. आपले अपयश न पाहता शिकलेला हात स्वतःवर नको तेवढा विश्वास ठेवू लागतो. मी एका वहीत माझ्या रुग्णांचे नोंदणी क्रमांक आणि पुढच्या भेटीच्या तारखा लिहून ठेवल्या आणि त्या दिवशी ज्या युनिटमध्ये असतील तिथे जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहू लागले. कुणी अडवले नाही, पण कुणी सांगितलेही नव्हते. संस्थेने हे फेलोवर न सोडता नियम म्हणून करायला हवे.

रात्रपाळी कठीण असते आणि ती कठीणच असावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात जंतुसंसर्ग होऊन आलेला रुग्ण सकाळपर्यंत थांबू शकत नाही. जेलचा नमुना घेऊन व्हँकोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.1 मिलिलिटरमध्ये, त्याच रात्री डोळ्यात द्यावे लागते, आणि ही मिश्रणे झोपेच्या डोळ्यांनी पण बिनचूक बनवता यावीत म्हणून पहिल्या महिन्यात ती आमच्याकडून पुन्हा पुन्हा बनवून घेतली गेली. छिन्नी-हातोड्याच्या कामात उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात घुसून आलेले तरुण कामगार, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या मागच्या भागात पडलेला केंद्रक, म्हणजे मोतीबिंदूचा गाभा, घेऊन दुसऱ्या गावाहून पाठवलेले रुग्ण, हे सगळे त्या रात्रींनी शिकवले.

कमी दिवसांच्या बाळांची तपासणी हा भाग फेलोशिपच्या जाहिरातीत एका ओळीत येतो. माझ्या दृष्टीने तो या प्रशिक्षणाचा कणा आहे. आठवड्यातून दोन सकाळी आम्ही नवजात अतिदक्षता विभागात जात असू. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2000 ग्रॅमहून कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे दृष्टिपटल जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासले गेले पाहिजे, आणि 28 आठवड्यांच्या आतल्या किंवा 1200 ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचे दोन ते तीन आठवड्यांतच. कमी दिवसांच्या बाळांना होणारा दृष्टिपटलाचा हा आजार, आर.ओ.पी., बाहेरून दिसत नाही, बाळ रडत नाही, डोळा लाल होत नाही. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन दिले तर बहुतेक बाळांची नजर वाचते. वेळ टळली तर पडदा आतून गोळा होतो आणि मग कुणाच्याही हाती फारसे काही उरत नाही. पापण्यांमध्ये तारेचा चिमुकला स्पेक्युलम बसवून, परिचारिकेने दुपट्यात घट्ट गुंडाळून धरलेल्या हाताएवढ्या बाळाचा पडदा पाहताना माझी पाठ घामाने भिजत असे. पहिल्यांदा एका बाळाला लेझर दिले तेव्हा त्याची आई काचेच्या दाराबाहेर दीड तास उभी होती. साताऱ्याला आल्यावर मी सर्वांत आधी सुरू केलेले काम हेच. मोठ्यांच्या व्हिट्रेक्टॉमीसाठी रुग्ण पुण्या-मुंबईला जाऊ शकतो. त्या बाळाकडे तेवढे दिवस नसतात.

राहण्या-खाण्याविषयी थोडक्यात. वसतिगृह स्वच्छ, जेवण साधे आणि वेळेवर, मानधन एका माणसाच्या साध्या खर्चापुरते. लग्न झालेल्या, मूल असलेल्या किंवा शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेल्या उमेदवाराने हा हिशेब आधी घरी बसून मांडावा. मूळ प्रमाणपत्रे संस्था ठेवून घेते का, मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागते, बाळंतपणाच्या रजेचा नियम काय, हे लेखी मागावे. मान आणि पाठ यांकडे पहिल्या महिन्यापासून लक्ष द्यावे, कारण डोक्यावरच्या उपकरणाचे वजन घेऊन वाकून उभे राहण्याची सवय एकदा लागली की पुढे तीस वर्षे छळते. संशोधनाचे काम सक्तीचे होते आणि मला त्याची तक्रार नाही. मात्र लेखकांच्या यादीत कोणाचे नाव कुठे येणार हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे.

फेलोशिपने काय शिकवले नाही, हे परत आल्यावर कळले. माझे सगळे शिक्षण सपाट प्रदेशात झाले. डोळ्यात सी-थ्री-एफ-एट वायू भरला, तर तो सहा ते आठ आठवडे राहतो आणि तोवर विमानप्रवास करायचा नाही, कारण उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्यातला दाब धोक्याच्या पातळीला जातो, हे मी तिथे रोज रुग्णांना बजावत असे. साताऱ्यात माझ्याकडे पडदा सुटलेले महाबळेश्वरकडचे एक आजोबा आले. शस्त्रक्रियेची तयारी झाली, वायू भरण्याचे ठरले, आणि त्यांच्या मुलाने सहज विचारले, "मॅडम, उद्या सकाळच्या एस.टी.ने नेले तर चालेल ना?" महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1300 मीटरहून उंच आहे. विमानाचा नियम मला पाठ होता, घाटाचा कधी डोक्यातही आला नव्हता. आम्ही त्यांच्या डोळ्यात वायूऐवजी सिलिकॉन तेल भरले, चार महिन्यांनी ते काढले. तेव्हापासून वायू भरण्याआधी मी प्रत्येक रुग्णाला गाव कुठे आणि घरी जाताना घाट लागतो का, हे विचारते. यंत्राचा व्यवहार, एकट्याने काम करताना अडचण आली तर कुणाला फोन करायचा, कोणता रुग्ण आपण हाती घ्यायचा आणि कोणता तातडीने पुढे पाठवायचा, याचे शिक्षणही मोठ्या संस्थेत होत नाही, कारण तिथे पुढे पाठवण्याची वेळच येत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत फेलोला एखाद्या छोट्या जिल्हा केंद्रावर पाठवले तर ही उणीव बरीच भरून निघेल.

तरीही, मला पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी तिथेच जाईन, आणि त्या चार महिन्यांच्या अंधाऱ्या खोलीसाठीच जाईन. ज्याला लवकर हात मोकळा करून दवाखाना थाटायचा आहे त्याने ही वाट धरू नये. त्याच्यासाठी मोतीबिंदूची छोटी फेलोशिप चांगली आहे आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही. ज्याला एका रुग्णासमोर तासभर बसवते, चित्र चुकले म्हणून पुन्हा उठून पाहवते, त्याने अवश्य जावे. अर्ज करण्याआधी चार-पाच दिवस त्या रुग्णालयात निरीक्षक म्हणून राहावे. विभागप्रमुखांशी बोलणे पंधरा मिनिटांत संपते. खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या फेलोबरोबर रात्री जेवताना मिळते. एकाच वेळी किती थिएटर एका नावावर चालतात ते यादीवर पाहावे, तेल काढायला आलेल्या रुग्णाला आधीच्या शल्यविशारदाने पाहिले का ते ओपीडीत उभे राहून पाहावे, आणि तपासणीच्या खोलीत टेबलावर रंगीत पेन्सिली आहेत का, असल्या तर त्या झिजलेल्या आहेत का, तेही पाहावे. माझ्या वेळी निळी पेन्सिल सर्वांत आधी संपत असे.